चार नंबरची जाळी

मंगळवार, ४ तारीख

आजपासून पुन्हा डायरी. कारणही तसंच आहे. आमच्या गुरुवारच्या कवितामंडळाचं पहिलं खुलं वाचन या महिन्याच्या एकोणतीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या मोठ्या खोलीत ठरलं. आजवर आम्ही दहा-अकरा जण आपापसात वाचायचो आणि आपापसातच वाहवा करायचो. आता दार उघडं. कोणीही यावं, ऐकावं. सहा वर्षांपूर्वी चार खुर्च्या मांडून मी हे मंडळ सुरू केलं तेव्हा ही म्हणाली होती, "चार दिवसांचं खूळ आहे." खूळ टिकलं.

बावीस कविता तपासायच्या आहेत. आमची पद्धत अशी की प्रत्येक कविता तीनदा वाचली जाते. पहिल्यांदा कच्ची, लिहिणाऱ्याने लिहिली तशी. मग ती माझ्या पेन्सिलीखालून जाते आणि पुढच्या बैठकीत पक्की वाचली जाते. तिसऱ्यांदा लोकांसमोर. पेन्सिलीने कापलेल्या ओळीवर वाद घालायचा नाही, हा नियम. तेवढा कडकपणा नसेल तर सगळा बाजार होतो. पाठीमागे मंडळी मला 'पेन्सिलसाहेब' म्हणतात हे मला ठाऊक आहे. प्रेमाने म्हणतात.

अडचण वेळेची. घरी ही समोर असली की दर दहा मिनिटांनी एक काम निघतं. कारखान्यात सकाळी साडेसात ते साडेआठ कोणी त्रास देत नाही. ती खरं म्हणजे माझ्या फेरीची वेळ. आमचा पत्र्याचे डबे करायचा कारखाना आणि मी तिथला सेफ्टीवाला. पत्रा दाबून कापणाऱ्या चौदा प्रेस आहेत. कामगाराचा हात आत जाऊ नये म्हणून प्रत्येकीला पुढे जाळी असते. ती जागेवर आहे की नाही, हे रोज फिरून बघायचं आणि रजिस्टरात खूण करायची. चौदा यंत्रं, चौदा खुणा, सतरा वर्षं. आता झोपेतही करीन. म्हणून सध्या फेरी टेबलावरूनच. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण महिनाभराचाच प्रश्न आहे.

चार नंबरची जाळी कालपासून काढलेली आहे. मोठ्या पत्र्याचं काम आलंय, तो पत्रा जाळीखालून सरकत नाही. फोरमन जिन्यावर भेटला. म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे साहेब, संपलं की लगेच बसवतो." खूण केली. चौकट रिकामी ठेवली की वरून प्रश्न येतात आणि मग अर्धा दिवस कागद रंगवण्यात जातो.

शुक्रवार, ७

काल बैठक. शिंप्याने नवी कविता आणली, सगळी यमकात. माणूस कपडा बेतशीर कापतो आणि कविता मात्र ढगळ शिवतो. मी निम्मी कापली. त्याने "बरं, बरं" करत कागद खिशात घातला.

नर्सबाई आल्या होत्या. तीस वर्षं हॉस्पिटलात काढून निवृत्त झाल्या. यांचं बोलणं इंजेक्शनसारखं, आधी न सांगता. मला म्हणाल्या, "तुमच्या स्वतःच्या कविता कोण तपासतं हो?" सगळे हसले. मीही हसलो.

आणि पॅकिंगबाई. आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहेत. कारखान्यात मला 'साहेब' म्हणतात, मंडळात 'सर', आणि यात त्यांची कधी गल्लत होत नाही. त्यांच्या कविता छोट्या, घरातल्या. घरात त्या आणि धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ चार नंबरवर आहे. बाईंमध्ये काहीतरी आहे, पण शब्द फार साधे ठेवतात. मी सांगतो, जरा उंच उडा. त्या मान डोलावतात आणि पुन्हा जमिनीवरच लिहून आणतात. एकोणतीससाठी दिलेली कविताही तशीच, ती तपासायची राहिली आहे.

चार नंबर अजून तसंच आहे. फोरमनला टोकायला हवं.

सोमवार, १०

मॅनेजरसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून यायला तयार झाले! वर कॅन्टीनमधल्या चाळीस खुर्च्या द्यायचंही कबूल केलं. "आपल्या कारखान्याचं नाव होतंय, का देऊ नये?" म्हणाले. पाय जमिनीवर नव्हते माझे. त्या नादात फोरमनला विचारायचं राहिलं.

बुधवार, १२

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चार नंबरवर अपघात झाला. पॅकिंगबाईंचा भाऊ. उजव्या हाताची चार बोटं. अंगठा राहिला आहे.

मी टेबलावर होतो. आधी यंत्रांचे आवाज एकेक करत थांबले, मग कोणीतरी ओरडत जिना चढून आलं. मी खाली पोचेपर्यंत त्याला नेलं होतं. बाई अनवाणीच गाडीमागे धावल्या म्हणे. कोणीतरी जमिनीवर भुसा टाकत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

वर जाऊन टेबलावरचं रजिस्टर कपाटात ठेवलं. आजची खूण सात चाळीसची आहे.

जेवण गेलं नाही. हिने दोनदा ताटाकडे पाहिलं आणि उचलून नेलं.

शनिवार, १५

मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मी आत गेल्यावर दार लावून घेतलं.

"पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला चौकशी अधिकारी येतोय. आपलं म्हणणं सरळ आहे. जाळी जागेवर होती. जास्त डबे काढायच्या घाईत त्याने स्वतःच काढली."

"पण फोरमन..."

"फोरमनशी माझं बोलणं झालंय. तुमची रोजची खूण आहे ना?"

"आहे."

"नऊच्या नऊ दिवस?"

"आहे."

"मग झालं तर. उगाच तोंड उघडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

म्हणजे दोष त्या मुलाचा ठरणार. तसं ठरलं की नोकरी गेली, भरपाई गेली, आणि वर आयुष्यभराचा शिक्का की याने स्वतःच्या हाताने हात घालवला. वाईट वाटतं. पण मी त्याच्याविरुद्ध एक शब्दही बोललेलो नाही. मी फक्त खूण केली. खरं-खोटं ठरवायला अधिकारी आहेत, त्यांना त्याचाच पगार मिळतो. माझी दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला. या वयात मी कुठे उंबरे झिजवू?

हिला एवढंच सांगितलं की चौकशी आहे. ती म्हणाली, "जाळी होती का?" मी म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली, "काहीच नाही. म्हणून तर विचारलं."

शुक्रवार, २१

वाटलं होतं पॅकिंगबाई आता मंडळात येणार नाहीत. मागच्या गुरुवारी आल्या नव्हत्या. काल आल्या. सगळ्यात मागे बसल्या, आणि कच्च्या कवितांची वेळ झाली तेव्हा हात वर केला. उभं न राहताच वाचली. मूळ कागद माझ्याकडे आहे, इथे उतरवून ठेवतो:

चार नंबरला जाळी नव्हती.
नऊ दिवस नव्हती.
कागदावर होती.

भावाला डावा हात शिकवतेय,
घास कसा उचलायचा,
बटण कसं लावायचं.
डावा हात म्हणतो, मला काय माहीत,
हे सगळं तो करायचा.

माणसं विचारायला येतात, चूक कोणाची.
भाऊ उशीखाली हात लपवतो,
चोरी त्यानेच केल्यासारखा.

वाचून झाली. शिंप्याने चष्मा काढून पुसला. खोलीत कोंदटल्यासारखं झालं होतं, म्हणून मी उठून खिडकी उघडली. मग माझं मत सांगितलं: मधल्या ओळी बऱ्या आहेत, पण सुरुवात वर्तमानपत्रातल्या बातमीसारखी वाटते. आकडे, यंत्राचा नंबर, कागद. कविता म्हणजे तक्रारवही नव्हे.

"ही वाचायचीय मला एकोणतीसला," बाई म्हणाल्या. "आधी दिलेली परत घेते."

"तपासून देतो," म्हणालो.

सोमवार, २४

शनिवारी मॅनेजरसाहेब पायऱ्यांवर भेटले. "ती पॅकिंगची बाई काही वाचणार आहे म्हणे?"

"सगळं माझ्या हाताखालून जातं, साहेब."

"म्हणून तर मी निर्धास्त आहे," म्हणाले आणि पाठीवर हात ठेवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

काल पूर्ण रविवार बाईंच्या कवितेवर गेला. मॅनेजरसाहेबांच्या विचारण्याचा आणि माझ्या कापण्याचा काडीचा संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. कवितेच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पहिल्या तीन ओळी कवितेत बसतच नाहीत. शेवटच्या तीनही खाली ओढतात. 'चूक' काय, 'चोरी' काय, पोलीस चौकीतले शब्द. मधला बटणांचा भाग घरगुती होता, तो वर उचलला. आता कविता अशी झाली:

काळोख्या लोखंडाच्या घरात
एक पक्षी पंख ठेवून गेला.
डाव्या हाता, आता तूच
शीक आभाळ उचलायला.

हे लिहून झालं तेव्हा माझेच डोळे ओले झाले. सहा वर्षांत पेन्सिलीने एवढं काम कधी केलं नव्हतं.

चहाच्या वेळी हिने दोन्ही कागद वाचले. ही सहसा कवितांना हात लावत नाही.

"पहिली कोणाची?"

"बाईंची. कच्ची आहे."

"आणि ही?"

"तीच. पक्की केलेली."

"यात तिचा भाऊ कुठं गेला?"

"पक्षी आहे ना."

ही कागद परत जागेवर ठेवत म्हणाली, "बरोबर. पक्ष्यांची चौकशी होत नाही." आणि कपबशा उचलून गेली. हिला प्रतीक कळत नाही, हा आमचा जुना वाद आहे.

शुक्रवार, २८

काल पक्क्या कवितांची बैठक. वाईट झाली.

मी बाईंची कविता वाचून दाखवली. शेवटची ओळ संपते न संपते तोच नर्सबाई म्हणाल्या, "नेमक्या त्याच ओळी कशा हो सापडल्या तुमच्या पेन्सिलीला?"

"कापलेल्या ओळींवर वाद नाही, हा आपला नियम आहे."

"नियम तुमचा आहे. आम्ही पाळत आलो." त्या थांबायला तयार नव्हत्या. "मी तीस वर्षं पट्ट्या बांधल्यात. जखम न धुता वरून झकास पट्टी बांधली ना, की आतून कुजतं. वरून पांढरंशुभ्र दिसतं हो, काही दिवस."

मी म्हणालो, हा कवितेचा मुद्दा नाही. शिंपी म्हणाला, "जाऊ द्या हो बाई, सरांना कळतं." त्याने माझी बाजू घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मग पॅकिंगबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "सर, मला कवितेबद्दल काही म्हणायचं नाही. एकच विचारते. जाळी होती का?"

"ते इथे नको."

"मग कुठे?"

"बाई, मंडळात कारखाना आणायचा नाही."

"इथे तुम्हाला सर म्हणते, तिथे साहेब म्हणते," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी कोणाला विचारू ते सांगा."

मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, बैठक संपली. बाईंनी पक्का कागद घेतला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. वाचणार की नाही काही बोलल्या नाहीत.

आज दिवसभर तेच डोक्यात. उद्या त्यांनी समोर उभं राहून कच्ची कविता वाचली तर? पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब. यादी माझ्याच हाताने लिहिलेली आहे. नाव काढायला एक रेघ पुरे. पण काढलं तर नर्सबाई म्हणणार, चोराच्या मनात चांदणं. माझ्या मनात तसलं काही नाही. नाव तसंच ठेवलं. जीव मात्र टांगणीला लागला आहे.

रविवार, ३०

खुलं वाचन पार पडलं. क्रमाने लिहितो.

चाळीस खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतीला टेकून उभे होते. मॅनेजरसाहेब वेळेवर आले. शिंप्याची कविता चक्क गाजली, म्हणजे मी कापलं ते बरंच झालं. बाईंचं नाव सातवं. त्या तिसऱ्या रांगेत भावाशेजारी बसल्या होत्या. त्याला मी अपघातानंतर पहिल्यांदाच पाहिलं. नवा शर्ट होता. उजव्या हाताची पट्टी मोठी असल्याने बाही वर दुमडलेली होती, आणि तो हात त्याने मांडीवर ठेवला होता, त्यावर डावा.

नाव पुकारलं. बाई पुढे आल्या, घडी उलगडली. पांढरा कागद आणि माझं अक्षर लांबूनही ओळखलं मी. सुटलो, असं वाटलं. पण त्या वाचेनात. लोकांकडे बघून म्हणाल्या, "सरांनी ही कविता इतकी तपासली की आता ती त्यांचीच झाली. त्यांनीच वाचावी." आणि कागद माझ्यासमोर ठेवून जागेवर जाऊन बसल्या.

लोकांना तो विनय वाटला. कोणी कोणी कौतुकाने हसलं. नर्सबाई हसल्या नाहीत. मी उभा राहिलो आणि वाचली. आवाज चांगला लागला. 'आभाळ उचलायला' या शब्दांवर क्षणभर थांबलो, आणि मग टाळ्या. पूर्ण खोली. मॅनेजरसाहेब उभे राहून वाजवत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "कोणालाही दोष न देता एवढं दुःख मांडलंत! याची एक प्रत द्या. फ्रेम करून गेटवर लावू."

इथवर सगळं माझ्या मनासारखं. एकच गोष्ट खटकली होती, ती घरी येताना हिला बोलून दाखवली. एवढी माणसं टाळ्या वाजवत होती आणि तिसऱ्या रांगेत तो मुलगा एकटा ढिम्म बसून. राग समजतो मी. पण कवितेला दाद द्यायला काय हरकत होती? दोन टाळ्या वाजवल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

ही चालता चालता थांबली.

"कशाने?" म्हणाली.

आणि पुढे चालू लागली.

आज सकाळपासून चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो. मी पट्टी पाहिली होती. दुमडलेली बाही पाहिली होती. शर्ट नवा आहे हेसुद्धा पाहिलं होतं. आणि तरी मी त्याच्याकडून टाळी मागत होतो. कविता त्याच्या हातावर, आणि मलाच तो हात दिसला नाही. मला लाज वाटते. आजवर या वहीत असलं काही लिहिलेलं नाही, आज लिहितो. लाज वाटते.

दुपारी मागची पानं वाचली. चार तारखेचं. सातचं. दहाचं. वाचताना हातात पेन्सिल होती. कापावं असं एक वाक्य नव्हतं, आणि एकही वाचवत नव्हतं. मग चोवीसचं पान आलं. त्यात मी लिहिलंय, काडीचा संबंध नाही. संबंध नसलेल्या माणसाला तसं लिहावंच लागलं नसतं.

सोमवार, १ तारीख

सकाळी पायी फेरी केली. चौदा यंत्रं नीट बघत, जाळी हलवून बघत फिरायला पंचवीस मिनिटं लागली. मला वाटायचं तास जातो. पंचवीस मिनिटं.

चार नंबरला नवी जाळी आहे, पिवळा रंग अजून चिकट. मोठा पत्राही आता खालून जातो. दोन बोल्ट लांब घालून ती जरा वर बसवली आहे, एवढंच. एवढंच करायचं होतं. तिथे नवा माणूस आहे. मी बराच वेळ उभा राहिलो तसा तो घाबरला. "काही चुकलं का साहेब?" म्हणाला. मी म्हणालो, "तुझं नाही."

फोरमन लांबून बघत होता. दुपारी मॅनेजरसाहेबांचा निरोप आला: उद्या थोडक्यात बोला, रजिस्टर पुढे करा, बाकी आम्ही बघतो. कवितेच्या प्रतीचीही आठवण केली.

संध्याकाळी हिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती भाजी निवडत ऐकत होती. सांगितलं की खरं बोललो तर नोकरी जाईल, खोट्या नोंदीबद्दल खटलाही होईल, निवृत्तीचं काय होईल देव जाणे. वाटलं होतं रडेल, चिडेल. तिने भाजीची परात बाजूला सारली आणि विचारलं, "उद्या डबा द्यायचा का?"

"दे," म्हणालो. आणि थोड्या वेळाने म्हणालो, "नको."

मंगळवार, २

चौकशी वरच्या खोलीत झाली. अधिकारी बाई होत्या, चाळिशीच्या. बाजूला लिहून घेणारा कारकून. भिंतीशी मॅनेजरसाहेब आणि फोरमन. रजिस्टर टेबलावर उघडं.

"ही खूण तुमची?"

"माझी."

"म्हणजे बारा तारखेला जाळी जागेवर होती."

बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. शनिवारी चार ओळी वाचताना केवढा खणखणीत लागला होता. पाणी मागितलं. मॅनेजरसाहेबांनी स्वतः पेला पुढे केला आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मी पाणी प्यालो.

"नव्हती," म्हणालो. "तीन तारखेपासून नव्हती. काढायला फोरमनने सांगितलं होतं. त्याने मला सांगितलं होतं. त्या मुलाने काही काढलेलं नाही."

"मग खूण?"

"खोटी. नऊही दिवसांच्या खोट्या. मी खाली गेलोच नाही."

मागे खुर्ची सरकली. कोणाची ते पाहिलं नाही. कारकुनाने लिहून घेतलं आणि जबाब वाचून दाखवला: "जाळी काही दिवस जागेवर नसल्याचे मागाहून समजले." बिचारा सवयीने लिहून गेला असेल, किंवा त्याला माझी दया आली असेल.

"मागाहून नाही," मी म्हणालो. "मला तेव्हाच माहीत होतं. तसंच लिहा. आणि तारखा घाला. नंबर घाला."

त्याने अधिकारीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने पुन्हा लिहिलं. मी सही केली.

दारापाशी मॅनेजरसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "एका कवितेपायी ताटात माती कालवलीत." त्यांना वाटलं असेल, मी भावनेच्या भरात बोललो. चार वाजता निलंबनाचा कागद हातात पडला. सतरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं.

गुरुवार, ४

आज बैठकीचा दिवस. मी निरोप पाठवला आहे की येणार नाही, आणि यापुढे कच्ची कविताच लोकांसमोर वाचावी, पेन्सिल नको. नर्सबाईंचं उत्तर आलं, "कळलं. तब्येत सांभाळा." एवढंच. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्याऐवजी पॅकिंगबाईंकडे गेलो. हिने सांगितलं होतं, "रिकाम्या हाताने जा. काही नेलंत तर त्यांना ते घ्यावं लागेल." दार भावाने उघडलं, डाव्या हाताने, कडी काढायला त्याला वेळ लागला. एकच खोली, दोन खाटा. बाई कामावरून नुकत्याच आल्या होत्या. जबाबाची बातमी दोघांना कळली होती. कोणी आभार मानले नाहीत. मला बरं वाटलं, मानले असते तर मी काय केलं असतं?

मी म्हणालो, "चूक माझी आहे. हे सांगायला आलो."

तो खाटेवर बसला. मला स्टूल दाखवलं. "तुम्ही आधी रोज यायचात," म्हणाला. "आम्ही म्हणायचो, सेफ्टीवाले दिसले की साडेसात वाजले. मग यायचे बंद झालात. मला वाटलं आजारी आहात. मी ताईला विचारलंसुद्धा."

मी स्टूल जरा पुढे ओढलं.

"त्या नऊ दिवसांत एकदा आला असतात तर तुम्ही बघितलं असतंत ना?"

"बघितलं असतं."

"यंत्र थांबवलं असतंत?"

"थांबवावं लागलं असतं."

त्याने मान हलवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तोंड चुकवून बसता आलं असतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आपला हात कशासाठी गेला ते.

"मग त्या दिवशी, बाराला, फेरीच्या वेळी काय करत होता?"

"टेबलावर होतो. कविता तपासत होतो."

"कविता?" त्याने तो शब्द दोनदा उच्चारला. "कोणाची?"

इथे अजून जागा होती. बावीस कविता होत्या, शिंप्याचं नाव घेता आलं असतं, कोणाचंही घेता आलं असतं. विचारायला परत कोणी आलं नसतं.

"तुझ्या बहिणीची," मी म्हणालो.

बाई पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागेच उभ्या होत्या.